मानेंतील कृत्रिम गादी : तिची घडण आणि तिची कसोटी

जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटीं, ग्रंथ उतरून पुरा झाल्यावर, लेखकानें एक श्लोक लिहून ठेवण्याचा प्रघात असे. पाठ मोडली, कंबर मोडली, मान मोडली, खालीं पाहून पाहून दृष्टि ताठली. एवढ्या कष्टानें हा ग्रंथ लिहिला आहे, तरी वाचणारानें तो जतन करावा, अशा अर्थाचा तो श्लोक. आमच्या शास्त्रीबोवांनीं तो प्रथम शिकविला तेव्हां वर्गांत हंशा पिकला होता. गेल्या वर्षीं माझ्या धाकट्या बंधूंच्या मानेचें चित्र डॉक्टरांच्या खोलींत उजळलेल्या पडद्यावर पाहिलें, तेव्हां तो श्लोक मला पुन्हा आठवला. मात्र हंसूं आलें नाहीं.

बंधूंचें सारें आयुष्य मुद्रितें तपासण्यांत गेलें. चाळीस वर्षें मान खालीं, डोळे ओळीवर आणि हातांत लाल शाई. प्रथम उजव्या खांद्यांत कळ येऊं लागली. मग ती दंडांतून उतरून आंगठा व तर्जनी ह्यांत मुंग्यांच्या रूपानें राहूं लागली. तेल चोळून झालें, शेक झाला, उशी बदलून झाली. एके सकाळीं देवपूजेच्या वेळीं हातांतली पळी निसटून ताम्हनांत पडली, आणि ती कां पडली हें बंधूंना स्वतःलाच कळलें नाहीं, तेव्हां घरांतल्या मंडळींचा धीर सुटला. चित्र काढविलें. मानेच्या पांचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी मागें व उजवीकडे फुगून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूला दाबीत होती.

दोन शल्यवैद्यांचा सल्ला घेतला. पहिले म्हणाले, गादी काढूं आणि दोन्ही मणके एकमेकांस जोडून टाकूं. दुसरे म्हणाले, गादीच्या जागीं कृत्रिम गादी बसवूं. मान पूर्वीसारखी हलती राहील. त्यांनीं गुळगुळीत कागदाची एक पुस्तिकाहि हातीं दिली. ही गादी एक कोटि वेळां हलवून पारखलेली आहे, असें तींत मोठ्या अक्षरांत छापलें होतें. एकत्र कुटुंबांत असा प्रश्न निघाला कीं जितकीं तोंडें तितकीं मतें, तसेंच झालें. तरुणांचा कल नव्या गादीकडे, वृद्धांचा कशालाच हात न लावण्याकडे. माझी भावजय इतका वेळ गप्प होती. तिनें पुस्तिका हातांत घेतली, तें वाक्य वाचलें आणि मला विचारलें, "दादा, एक कोटि वेळां मान हलवून पाहिली, ती कोणाची?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि आयुष्यभर संस्कृत शिकविलेला मनुष्य. ह्या प्रश्नाचें उत्तर मजजवळ नव्हतें. घरांत सेवानिवृत्त असा मीच, म्हणून तें शोधण्याचें काम माझ्याकडे आलें. पुतण्या यंत्रशास्त्राचा पदवीधर असून कारखान्यांत बेअरिंगें तपासण्याचें काम करतो. त्याला सोबतीस घेतलें. दोन महिने आम्हीं जें वाचलें व ताडून पाहिलें, त्यांतील सामान्य वाचकाच्या उपयोगाचा भाग येथें देत आहें.

आधीं मानेची रचना. मानेंत सात मणके असतात. जिराफाची मान एवढी लांब, परंतु तिच्यांतहि मणके सातच. पहिल्या मणक्यावर डोकें टेकलेलें असतें. तो आणि दुसरा ह्यांच्यामध्यें गादी नसते. खुंटीभोंवतीं कडें फिरावें तशी तेथें योजना आहे, आणि आपण मान दोन्ही बाजूंस वळवून 'नको, नको' म्हणतों, त्या वळण्याचा जवळजवळ अर्धा भाग ह्या एकाच सांध्यांत होतो. दुसऱ्या मणक्याच्या खालून छातीच्या पहिल्या मणक्यापर्यंत मात्र प्रत्येक जोडींत एक गादी, अशा एकूण सहा गाद्या आहेत. गादीच्या मध्यभागीं पाण्यानें भरलेला मऊ गर आणि त्याभोंवतीं चिवट तंतूंचे थर असतात. एका थरांतील तंतु एका बाजूस तिरपे, तर पुढच्यांतील उलट बाजूस तिरपे; बाजेच्या विणीसारखें हें आहे, म्हणून ती वाकते, पिळते आणि तरी फाटत नाहीं. तिच्यांत एक उणेंहि आहे. प्रौढ वयांत तिच्या आंत रक्तवाहिन्या नसतात. वरखालच्या मणक्यांतून जें पाझरेल त्यावर तिचें पोषण चालतें, आणि म्हणून ती एकदां झिजली कीं हाडासारखी भरून येत नाहीं. झीज मात्र बहुतेकांस होते. ज्यांना मान कधीं दुखली नाहीं अशा पुष्कळ प्रौढांच्या चित्रांत वाळलेल्या, फुगलेल्या गाद्या दिसतात. केवळ चित्र पाहून घाबरून जाऊं नये, हें मला येथेंच सांगितलें पाहिजे. चित्र आणि दुखणें ह्यांचा मेळ बसला तरच त्याला अर्थ.

मणके जोडण्याची शस्त्रक्रिया जुनी आणि कसाला उतरलेली आहे. अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील रॉबिन्सन व स्मिथ ह्यांनीं ती १९५५ सालीं थोडक्यांत आणि १९५८ सालीं विस्तारानें प्रसिद्ध केली. त्याच १९५८ सालीं हवाई बेटांतील क्लॉवर्ड ह्यांनीं आपली निराळी रीत मांडली. दोन्ही रीतींत वैद्य मानेच्या पुढच्या बाजूनें आंत शिरतो. हें ऐकून आमच्या घरीं सर्वांनाच नवल वाटलें. परंतु मागून गेल्यास वाटेंत पृष्ठरज्जु येतो, आणि पुढून गेल्यास श्वासनलिका व अन्ननलिका हलकेच बाजूस सारून थेट गादीपर्यंत पोंचतां येतें. गादी काढावयाची, मज्जातंतु मोकळा करावयाचा आणि रिकाम्या जागेंत कमरेच्या हाडाचा तुकडा ठेवावयाचा; कांहीं महिन्यांत दोन मणक्यांचा एक होतो. आज कमरेच्या हाडाऐवजीं बहुधा तयार पोकळ ठोकळा वापरतात. हाताची कळ ह्या उपायानें बहुतेकांची जाते.

मग नव्याची गरज कां पडली? सहा सांध्यांपैकीं एक मुका झाला कीं त्याचें काम शेजाऱ्यांवर पडतें. अमेरिकेंतील हिलिब्रँड व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९९ सालीं ३७४ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मणके जोडल्यानंतर दर वर्षीं सुमारें २.९ टक्के लोकांना शेजारच्या गादीचा नवा त्रास सुरू होतो, आणि दहा वर्षांत सुमारें चौथा हिस्सा लोकांना तो होईल, असा त्यांचा हिशेब निघाला. हा त्रास जोडण्यामुळें होतो, कीं त्या मनुष्याच्या गाद्या मुळांतच झिजावयाच्या होत्या, ह्यावर वैद्यांत वाद आहे. तरी शंका इतकी बळावली कीं, गादीच्या जागीं हलणारी वस्तु बसविण्याच्या खटपटीला जोर आला.

ती खटपट पूर्वींहि झालेली होती. स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम ह्या शल्यवैद्यानें गादी काढून त्या जागीं चक्क पोलादाची गोळी ठेविली, आणि १९६६ सालीं त्याचा वृत्तांत लिहिला. गोळीसारखें फिरतें दुसरें काय आहे? परंतु गोळी टेकते एका बिंदूवर. डोक्याचा सारा भार त्या बिंदूवर आला आणि ओल्या सारवलेल्या जमिनींत खाटेचा पाय रुतावा तशा गोळ्या मणक्यांत रुतत गेल्या. ही कल्पना मागें पडली. कमरेच्या गादीसाठीं खरी वाट बर्लिनच्या शारिटे रुग्णालयांत सांपडली. तेथें शेलनाक आणि कारिन ब्युटनर-यान्झ ह्यांनीं घडविलेली कृत्रिम गादी १९८४ सालीं प्रथम बसविली गेली. ह्यांतील कारिनबाई म्हणजे १९७२ सालच्या म्युनिकच्या ऑलिंपिक सामन्यांत कसरतींत दोन सुवर्णपदकें मिळविलेल्या खेळाडू. ज्या बाईंनीं आपली पाठ धनुष्यासारखी वाकविली, त्यांनींच पुढें वैद्यकी शिकून दुसऱ्यांच्या पाठीची गादी घडवावी, हा योग आमच्या घरच्या मुलींना फार आवडला.

मानेसाठीं तसेंच काम इंग्लंडांत ब्रिस्टल येथील फ्रेंचे रुग्णालयांत झालें. तेथील मेंदूचे शल्यवैद्य ब्रायन कमिन्स ह्यांनीं रुग्णालयाच्याच यंत्रशाळेंत पोलादाचा एक सांधा बनविला: एका तुकड्याला गोल उंचवटा, दुसऱ्याला तो बसेल अशी वाटी, आणि दोन्ही तुकडे मणक्यांना पुढून स्क्रूंनीं आंवळलेले. वीस रुग्णांचा वृत्तांत १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. तो वाचून माझ्या मनांत त्या मंडळींविषयीं आदर उत्पन्न झाला, कारण त्यांनीं आपल्या चुका झांकल्या नाहींत. कांहीं स्क्रू मोडले होते, कांहीं सैल होऊन मागें आले होते, एक सांधा ढिला पडल्यामुळें काढावा लागला होता. परंतु बहुतेकांच्या मानेंतील तो सांधा हलता राहिला होता. ह्याच सांध्याचे पुढचे आकार सुधारतां सुधारतां त्यांतील एकाला जुलै २००७ मध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें मान्यता दिली. मानेच्या कृत्रिम गादीला त्या देशांत मिळालेली ती पहिली मान्यता.

आतां घडणीविषयीं. मला वाटत होतें कीं, बिजागरीसारखी एखादी वस्तु बसविली कीं झालें. पुतण्यानें मला स्वयंपाकघराच्या दाराजवळ नेलें आणि म्हणाला, "काका, ह्या बिजागरीची खीळ कोठें आहे तें पाहा. दार फिरतें तें त्या एकाच रेषेभोंवतीं. मानेची खीळ अशी स्थिर नाहीं." खरोखरच आपण मान पुढें वाकवितों तेव्हां वरचा मणका नुसता कलत नाहीं, तो कलतां कलतां पुढें सरकतोहि. ज्या बिंदूभोंवतीं तो फिरतो तो गादींत नसून खालच्या मणक्याच्या अंगांत असतो, आणि प्रत्येक जोडींत त्याची जागा थोडी निराळी असते. मागच्या बाजूस मणक्यांचे दोन लहान सांधे आहेत. कृत्रिम गादी एका बिंदूभोंवतीं फिरूं लागली आणि ते दुसऱ्याभोंवतीं, तर घर एक आणि कारभारी दोन अशी अवस्था होते.

ह्या अडचणीवर निरनिराळ्या कारागिरांनीं निरनिराळी उत्तरें काढलीं. कोणी उंचवटा व वाटी अशीच योजना ठेवून तिचा मध्यबिंदु योग्य जागीं येईल अशी बेताची गोलाई दिली. कोणी दोन धातूंच्या तबकड्यांमध्यें प्लॅस्टिकची एक सुटी चकती ठेविली. ती स्वतःच थोडी मागेंपुढें सरकते, आणि खिळेची जागा मानेनेंच ठरवावी असा त्यांत हेतु आहे. अमेरिकेंतील सिएटलचे ब्रायन ह्यांनीं टायटॅनियमच्या दोन शिंपल्यांमध्यें पॉलियुरेथेनचा लवचीक गाभा बसविला आणि भोंवतीं पिशवीसारखें वेष्टण दिलें; हें रूप निसर्गाच्या गादीच्या त्यांतल्या त्यांत जवळचें. ही गादी बेल्जममधील लूव्हेन येथें २००० सालीं प्रथम मनुष्यास बसविण्यांत आली.

ह्या साऱ्या खटाटोपाला जागा किती, तर उंचीला पांचसहा मिलिमीटर आणि रुंदीला आपल्या आंगठ्याच्या नखाएवढी. एखादा मिलिमीटर उंची अधिक झाली तर मागचे लहान सांधे ताणले जातात. कमी झाली तर मज्जातंतूची वाट पुन्हा आंखडते. तबकडी लहान पडली तर ती मणक्यांत रुतते. ती हाडाला धरून राहावी म्हणून तिच्या पाठीवर टायटॅनियमचा खरखरीत थर चढवितात, म्हणजे हाड त्यांत वाढून मूळ धरतें. कांहींना पांचरीसारखा उभा कणाहि असतो, परंतु त्यासाठीं हाडांत खांच पाडावी लागते, आणि खांच पाडलेलें हाड चिरण्याचें भय राहतें. आणखी एक गोष्ट मला कधींच सुचली नसती. पोलाद किंवा कोबाल्टची मिश्रधातु मानेंत असली कीं पुढें चुंबकीय चित्र काढतांना त्या जागीं काळा डाग पडतो, आणि पृष्ठरज्जूचें काय चाललें आहे तें वैद्याला दिसत नाहीं. म्हणून टायटॅनियम, चिनीमातीच्या जातीचे कठीण पदार्थ आणि विशेष प्रकारचें प्लॅस्टिक ह्यांकडे कारागीर वळले.

एवढें झाल्यावर भावजयीच्या प्रश्नाकडे येतों. परंतु वस्तु इतक्या वेळां हलवून पाहण्याची एवढी काळजी कां, हें समजण्यासाठीं एक जुनी गोष्ट सांगणें अवश्य आहे. ती मानेची नसून खुब्याची आहे.

इंग्लंडांतील रायटिंग्टन रुग्णालयांत जॉन चार्न्ली हे मोठे अस्थिशल्यवैद्य होते. १९६० च्या सुमारास ते खुब्याच्या सांध्यांत टेफ्लॉनची वाटी बसवीत. टेफ्लॉन म्हणजे आज तव्याला लावतात तें गुळगुळीत द्रव्य. रुग्ण चालूं लागले, कळा थांबल्या, वाहवा झाली. दोनतीन वर्षांत वाट्या झिजूं लागल्या. झीज हें एक संकट, परंतु झिजून पडलेली बारीक भुकटी हें त्याहून मोठें. शरीर त्या भुकटीशीं झगडूं लागलें, सांध्याभोंवतीं गांठाळ लगदा सांचला, हाड खाल्लें गेलें, आणि सुमारें तीनशें रुग्णांत बसविलेल्या त्या वाट्या एकामागून एक काढण्याची पाळी आली. चार्न्लींनीं त्या भुकटीचा परिणाम पाहण्यासाठीं ती स्वतःच्या मांडींत घालून घेतली. ह्याच सुमारास यंत्रमागांच्या चाकांसाठीं वापरलें जाणारें एक प्लॅस्टिक, दाट पॉलिएथिलीन, एका विक्रेत्यानें आणून दिलें. चार्न्लींनीं त्यांत नख रुतवून पाहिलें आणि तें टाकाऊ म्हणून ते निघून गेले. त्यांच्या यंत्रशाळेंतील कारागीर हॅरी क्रेव्हन ह्यानें मात्र गुरूच्या मताची वाट न पाहतां तो तुकडा झिजविण्याच्या यंत्रावर चढविला आणि यंत्र रात्रंदिवस चालूं ठेविलें. तीन आठवड्यांनीं पाहावें, तों टेफ्लॉन एका दिवसांत झिजे तेवढेंहि तें झिजलें नव्हतें. नोव्हेंबर १९६२ पासून चार्न्ली त्याच द्रव्याच्या वाट्या वापरूं लागले, आणि त्या जातीचें प्लॅस्टिक आजहि खुब्यांत, गुडघ्यांत आणि मानेच्या कित्येक कृत्रिम गाद्यांत आहे. नखानें केलेली परीक्षा आणि यंत्रानें केलेली परीक्षा ह्यांतील भेद मला ह्या गोष्टीनें जितका समजला तितका न्यायशास्त्राच्या ग्रंथांनीं समजला नव्हता.

मानेच्या गादीसाठीं ह्या परीक्षेचे नियम ठरलेले आहेत. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनें ते २००८ सालीं प्रसिद्ध केले. गादी यंत्रांत बसवितात. यंत्र तिला पुढें आणि मागें साडेसात-साडेसात अंश वाकवितें, त्याच वेळीं दोन्ही बाजूंस सहा-सहा अंश कलवितें आणि चार-चार अंश पिळतें. भार पांच किलो वजनापासून पंधरा किलो वजनाएवढा, कमीजास्त होत राहतो. आपलें डोकें साधारण पांच किलोचें असतें, वर स्नायूंची ओढ. हें दर सेकंदास एकदां. भोंवतीं शरीराइतकें उबदार, सदतीस अंशांचें पाणी, आणि त्यांत वासराच्या रक्ताचें सीरम. हें वाचून मी पुस्तक क्षणभर मिटलें, हें कबूल करतों. परंतु सांध्यांतील वंगणासारखा प्रथिनांचा द्रव नसेल तर झीज खरी कळत नाहीं, आणि नुसत्या पाण्यांत केलेली परीक्षा फसवी ठरते, असें पुतण्यानें समजाविलें. दर पांच लक्ष हेलकाव्यांनीं यंत्र थांबवून गादी धुतात, वाळवितात आणि मिलिग्रॅमच्या सूक्ष्म अंशापर्यंत तोलतात. ह्यांत एक गंमत आहे. प्लॅस्टिक द्रव शोषून घेतें, त्यामुळें झिजलेल्या गादीचें वजन कधीं कधीं वाढलेलें दिसेल! म्हणून शेजारीं दुसरी गादी तशाच द्रवांत, तशाच भाराखालीं, परंतु न हलवितां ठेवतात, आणि तिचें वाढलेलें वजन हिशेबांत धरतात.

असे एक कोटि हेलकावे. सेकंदास एक ह्या मानानें अखंड चालविलें तरी ११६ दिवस लागतात. मनुष्य वर्षाला सुमारें सव्वा लाख वेळां मनापासून वाकतो असा जो हिशेब धरतात, त्यानें एक कोटि म्हणजे ऐंशीं वर्षें झालीं. तेव्हां भावजयीला पहिलें उत्तर मिळालें: मान कोणाचीच हलविली नाहीं, यंत्राची हलविली.

मी हें सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "मग यंत्राला कळ येते का?" पुतण्या हंसला, परंतु तिचें म्हणणें अगदीं मर्मावर होतें. यंत्र रोज त्याच अंशांनीं, त्याच भारानें नमस्कार करतें. माणूस शिंकतो, एका कुशीवर झोंपतो, मागें हांक आली तर गर्रकन् वळतो. रुग्णांतून काढाव्या लागलेल्या कृत्रिम गाद्या प्रयोगशाळेंत तपासल्या गेल्या, तेव्हां कांहींच्या कडा एकमेकींवर आपटून घासलेल्या आढळल्या. तसा घासा नेमस्त हालचालीच्या यंत्रांत पडत नाहीं. "काका, आमच्या कारखान्यांतहि हेंच," पुतण्या म्हणाला. "यंत्राला जेवढें विचारलें तेवढ्याचेंच उत्तर तें देतें."

म्हणून झिजेखेरीज इतरहि परीक्षा आहेत. गादी मोडेपर्यंत दाबून पाहतात. हाडासारख्या सच्छिद्र फेंसाच्या ठोकळ्यांत ती किती रुतते तें पाहतात. तिला पुढें ढकलून ती निसटते का तें पाहतात. त्यानंतर देहदान केलेल्या मनुष्यांच्या माना. येल विद्यापीठांतील मनोहर पंजाबी हे भारतीय वंशाचे पंडित ह्या शास्त्राच्या आद्य आचार्यांपैकीं एक. त्यांनीं व व्हाइट ह्यांनीं मिळून पृष्ठवंशाच्या गतिशास्त्रावर लिहिलेला ग्रंथ १९७८ सालीं निघाला. शेजारच्या गाद्यांवर काय परिणाम होतो हें पाहण्याची पंजाबींची युक्ति साधी आणि सुंदर आहे. आधीं अखंड मान किती वाकते तें मोजावयाचें. मग एक सांधा जोडून किंवा त्यांत कृत्रिम गादी बसवून, सबंध मान पुन्हा तेवढीच वाकवावयाची आणि जें कमी पडलें तें कोणत्या शेजाऱ्यानें भरून काढलें तें पाहावयाचें. कारण जिवंत मनुष्यहि असेंच करतो. त्याला ताटांत पाहावयाचें असतें, मग कोणता मणका किती वाकला ह्याच्याशीं त्याला कर्तव्य नसतें. मणके जोडलेल्या मानेंत शेजाऱ्यांवर जास्त भार पडतो आणि कृत्रिम गादी असल्यास तो बराचसा पूर्ववत् राहतो, असें अशा प्रयोगांतून दिसून आलें.

मेलेल्या मानेंत मात्र हाड वाढत नाहीं. जिवंत मानेंत तें वाढतें, आणि कधीं कधीं कृत्रिम गादीच्या भोंवतीं वाढत जाऊन वरच्या व खालच्या मणक्यांमध्यें पूल बांधतें. हलावी म्हणून बसविलेली गादी मग न हलणारी होते. चमत्कार असा कीं पुष्कळ रुग्णांना ह्याचा पत्ताहि नसतो. त्यांना दुखत नाहीं. हें कोणत्याहि यंत्रानें आधीं सांगितलें नव्हतें.

आतां जिवंत मनुष्यांवरील अनुभव. अमेरिकेंत २००७ सालीं मान्य झालेल्या त्या पहिल्या गादीची परीक्षा ५४१ रुग्णांवर झाली. निम्म्यांस गादी, निम्म्यांचे मणके जोडलेले, आणि कोणाला काय हें सोडत काढल्याप्रमाणें ठरविलेलें. सात वर्षांनंतरचे आंकडे २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. त्याच सांध्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी गादीवाल्यांत ४.८ टक्क्यांवर आली, तर जोडलेल्यांत १३.७ टक्क्यांवर. हे आंकडे वाचून मी नव्या पक्षाचा झालों होतों. परंतु जें छापलें आहे त्याच्या बाजूस काय छापलें नाहीं हें पाहण्याची संवय बंधूंना आहे. त्यांनीं विचारलें, "कोणाला काय बसविलें हें रुग्णांना ठाऊक होतें का?" होतें. वैद्यांनाहि होतें. नवी वस्तु मिळाली ह्या समाधानानें मनुष्याचें दुखणें थोडें कमी होतें, आणि जोडलेल्या मणक्यांविषयीं वैद्याचा हात पुन्हा शस्त्राकडे लौकर जाऊं शकतो. नेदरलंड्समध्यें हें टाळून परीक्षा केली; शंभरावर रुग्णांचे तीन गट पाडले, आणि आपल्या मानेंत काय आहे हें त्यांना कळूं दिलें नाहीं. एका गटाची गादी नुसती काढली, दुसऱ्याचे मणके जोडले, तिसऱ्यास कृत्रिम गादी बसविली. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, दोन वर्षांनंतर तिन्ही गटांच्या दुखण्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. दोन वर्षें हा काळ शेजारच्या गाद्यांचा निकाल लागण्यास थोडा आहे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. माझें स्वतःचें मत असें झालें आहे कीं, कृत्रिम गादी ही खरी आणि उपयोगी वस्तु आहे. परंतु ज्या मानेला ती शोभते तिलाच. हाडें ठिसूळ झालेलीं नसावींत, मागचे लहान सांधे झिजलेले नसावेत, मणके जागेवरून सरकलेले नसावेत, आणि मुख्य म्हणजे तो सांधा अजून हलत असावा.

ही शेवटची अट वाचली आणि आम्ही पुन्हा त्या दुसऱ्या शल्यवैद्यांकडे गेलों. मान पुढें वाकवून आणि मागें नेऊन क्ष-किरणांचीं दोन चित्रें काढावीं, अशी विनंति केली. त्यांनीं चित्रें काढविलीं, दोन्ही शेजारीं लावून बराच वेळ पाहिलीं, आणि मोकळेपणानें म्हणाले, "तुमचें बरोबर आहे. हा सांधा मुळांतच हलत नाहीं. हाडांच्या कडा वाढून त्यानें स्वतःला जवळजवळ जोडून घेतलें आहे. जी हालचाल नाहीं ती मी कशी राखूं?" चाळीस वर्षांच्या मुद्रितांनीं तें काम शस्त्रावांचूनच करून ठेविलें होतें.

त्यांनीं आणखीहि एक सांगितलें, तें पुष्कळांच्या उपयोगी पडेल. अशी हाताची कळ बहुतेकांची कांहीं आठवड्यांत औषधांनीं व व्यायामानें आपोआप ओसरते. बोटांची शक्ति जात असेल, चालतांना पाय अडखळत असतील, किंवा शर्टाचीं बटणें लावतां येईनाशीं झालीं असतील, तर मात्र थांबूं नये. बंधू त्यांच्या नजरेखालीं सहा आठवडे थांबले. कळ पुष्कळ कमी झाली. मनगटांत जोर मात्र आला नाहीं, आणि पळी दुसऱ्यांदा पडली. मग पहिल्या वैद्यांकडून मणके जोडून घेतले.

त्यास आतां सात महिने झाले. मान वळते, बंधू सांगतात कीं, कमी काय झालें तें शोधूनहि सांपडत नाहीं. मुद्रितें ते आतां चटईवर ठेवून तपाशीत नाहींत. आजोबांचें पोथी ठेवण्याचें घडीचें लांकडी व्यासपीठ माळ्यावरून काढून भावजयीनें तें चौरंगावर मांडलें आहे. कागद डोळ्यांसमोर येतो आणि मान सरळ राहते. हा लेख पाठविण्यापूर्वीं मीं त्यांच्यापुढें ठेविला. पहिल्याच पानावर त्यांनीं माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका काढल्या, लाल शाईनें, उजव्या हातानें.